मोहाखालच्या मावशी आणि बाबांना

मार्चअखेरीस सहावीची 34 मुलं घेऊन आम्ही यावल अभयारण्य बघायला निघालो होतो. पाल गावाच्या अलीकडे गाडी बंद पडली. ऊन चढलेलं, पाणी संपलेलं, त्यात दोन मुलींना उलट्या. मी फार घाबरले होते.

मोहाची फुलं वेचता वेचता तुम्ही दोघं धावत आलात. मावशी, तुम्ही दोनदा विहिरीवरून हंडा भरून आणलात. त्या मुलींची डोकी मांडीवर घेऊन पदरानं वारा घालत बसलात, गाडी सुरू होईपर्यंत.

बाबा, फुलं नीट दिसावीत म्हणून मोहाखालचा पाला जाळतात आणि तीच आग पुढे रानात पसरते, हे तुम्ही मुलांना समजावलंत. तुम्ही मात्र पाला खराट्यानं झाडून बाजूला करता. "रोपटी जळाली तर पुढचा मोह कुठून येईल?" एवढं म्हणून खराटा मुलांच्याच हाती दिलात. वणव्याचा धडा मी वर्गात शिकवलाय, पण मुलं इतकी गुंगलेली कधी पाहिली नव्हती.

तुम्ही पैसे घेतले नाहीत. गडबडीत नावं विचारायचीही राहिली. परवा शाळेमागच्या कडुनिंबाखाली मुलांनी पाला पेटवू दिला नाही. शिपाईकाकांकडून खराटा मागून आणला. मावशी, बाबा, मनापासून आभार.