सगळीकडे पहिला रकाना

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आणि सोबतचा तुमच्या कमिटीसाठीचा मसुदा दोन्ही पोचलं. मसुदा तीनदा वाचला. पहिल्यांदा वाचून झाल्यावर वाटलं, फोन उचलावा आणि तुला चार शब्द सुनवावेत. दुसऱ्यांदा वाचताना कळलं की तू हे मनापासून लिहिलंयस, फक्त तुला इंजिनाची केबिन सोडून अठरा वर्षं झालीत. म्हणून पत्रच लिहितोय. फोनवर तू मला मध्येच तोडतोस.

तुझं म्हणणं मला समजलं ते असं. रेल्वेगाडी चालवणारे, सिग्नल देणारे, कंट्रोलमध्ये बसणारे, ज्यांच्या एका चुकीने माणसं मरतात, अशा सगळ्यांची वर्षातून एकदा मानसिक तपासणी करायची. नऊ प्रश्नांचा फॉर्म द्यायचा आणि बेरीज दहा किंवा जास्त आली की माणूस ड्युटीवरून खाली. आपण डोळे तपासतो, कान तपासतो, साखर तपासतो, मग मन का नाही?

मन तपासायला माझी ना नाही. पण डोळ्यांच्या तपासणीतही तक्ता पाठ करून जाणारे आपण दोघांनी पाहिलेत. तिथे निदान डॉक्टर तक्ता बदलू शकतो. तुझ्या फॉर्मला जे उत्तर मिळेल तेच खरं धरावं लागणार. हे मी इतक्या खात्रीने का म्हणतो, ते आता सांगतो. आजवर तुला सांगितलं नव्हतं.

तू ऑफिसात गेलास त्यानंतरच्या चौथ्या वर्षाची गोष्ट. पहाटेची गाडी होती. वळण संपून सरळ लाईन लागली आणि समोर रुळांमध्ये एक माणूस उभा, माझ्याकडे तोंड करून. भोंगा धरला, इमर्जन्सी टाकली. त्यानंतर आपल्या हातात काही उरत नाही, हे तुला सांगायला नको. शंभरच्या वेगाने धावणारी गाडी ब्रेक लावल्यावरही शेकडो मीटर जाते आणि तेवढा वेळ ड्रायव्हर म्हणजे नुसता प्रवासी, सगळ्यात पुढच्या सीटवरचा. त्याच्या हातात कापडी पिशवी होती. अगदी शेवटी त्याने ती वाकून नीट बाजूला ठेवली, रुळाच्या बाहेर. चेहरा मी आता विसरलोय. ती पिशवी नाही विसरलो.

मेमो लिहिला, जबाब दिला. तिसऱ्या दिवशी पुन्हा त्याच लाईनवर. कुणी वाईट वागलं असं नाही. एकाने चहा दिला, एकाने पाठ थोपटली, "होतं रे, आपल्या हातात काय असतं" म्हणाले, आणि ते खरंही होतं. पण झोप गेली. रात्री तीनला डोळा उघडायचा तो उघडाच. त्या वळणाच्या दोन किलोमीटर आधीपासून हात भोंग्यावर. आणि एके दिवशी एक सिग्नल मागे गेला आणि तो मी पाहिल्याचं मला आठवेना. हिरवा होता, नंतर खात्री करून घेतली. पण मी तो पाहिला नव्हता, गड्या. मागे बाराशे माणसं झोपलेली. केबिनमधला सावधानतेचा दिवा दर मिनिटाला विचारत होता, जागा आहेस का, आणि मी बटण दाबून होय होय म्हणत होतो. हात जागा होता एवढंच.

पुढे दोन महिन्यांनी नेहमीचं मेडिकल आलं. त्या वर्षी त्यात नवा कागद होता, तुझ्याच मसुद्याचा थोरला भाऊ म्हण. व्हरांड्यात बाक, पॅडला दोऱ्याने बांधलेलं पेन, दोरा इतका आखूड की लिहिताना पॅड छातीशी धरावं लागायचं. "गेल्या दोन आठवड्यांत झोप न लागणे, किंवा जास्त झोपणे, याचा त्रास किती वेळा झाला?" पुढे चार रकाने. अजिबात नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज. मी 'जवळजवळ रोज'वर पेन नेलं होतं. शेजारी बसलेला, आपल्याहून सात-आठ वर्षांनी मोठा ड्रायव्हर माझ्याकडे न बघता पुटपुटला, "सगळीकडे पहिला रकाना." तेवढंच. मी पेन मागे आणलं. नऊ टिकमार्क, मिनिटसुद्धा लागलं नाही. बेरीज शून्य. शिक्का पडला: फिट.

माझ्या मागे आमच्यातलाच एक जण होता, अतिशय सरळ माणूस. त्याने झोपेच्या रकान्यात खरं लिहिलं आणि थकव्याच्याही. त्याला खाली उतरवला, आठ महिने स्टोअरमध्ये बसवला, नट-बोल्ट मोजायला. गाडी चालवण्याचा, रनिंगचा भत्ता बंद. डॉक्टरांच्या तीन फेऱ्या झाल्या आणि तिन्ही वेळा पुढची तारीख मिळाली, इलाज नाही. तो परत केबिनमध्ये आलाच नाही. आणि मी, ज्याला सिग्नल आठवत नव्हता, तो दुसऱ्या दिवशी एक्सप्रेस घेऊन निघालो. त्या वर्षी तपासणीत एक जण सापडला म्हणून अहवालात यशाची नोंद झाली असणार.

पुढची दहा वर्षं तो कागद भरताना कुणीच पेन दुसरीकडे नेलं नाही.

तू जर्मनविंग्ज या विमान कंपनीच्या अपघाताचं उदाहरण दिलंयस. दिलंस ते बरं केलंस, कारण त्या अपघाताचा फ्रेंच चौकशी अहवाल मी निवृत्तीनंतर वेळ काढून वाचलाय. २४ मार्च २०१५, उड्डाण क्रमांक ९५२५, बार्सिलोनाहून ड्युसेलडॉर्फ, १५० माणसं. कप्तान बाहेर गेला, सहवैमानिकाने दार आतून बंद ठेवलं आणि विमान आल्प्सच्या डोंगरावर नेऊन आदळवलं. (ते दार २००१ नंतर अपहरणकर्ते आत येऊ नयेत म्हणून मजबूत केलेलं होतं. कप्तानाला ते फोडता आलं नाही.) तू लिहितोस की तपासणी असती तर तो सापडला असता. अरे, तो सापडलेलाच होता! २००८-०९ मध्ये नैराश्यामुळे त्याचं प्रशिक्षण थांबलं होतं आणि वैद्यकीय प्रमाणपत्रावर तशी अट नोंदलेली होती. पुढे डिसेंबर २०१४ पासून त्रास पुन्हा सुरू झाला. तो एकामागून एक डॉक्टरांकडे गेला, औषधं घेतली, आणि अपघाताच्या दोन आठवडे आधी एका डॉक्टरने त्याला मानसोपचार रुग्णालयात जायला सुचवलं होतं. म्हणजे दवाखान्यात तो खरं बोलत होता. कंपनीला मात्र यातलं काही कळलं नाही. त्याने सांगितलं नाही आणि डॉक्टरांनीही नाही, कारण जर्मनीत रुग्णाचं गुपित फोडणं हा गुन्हा आहे आणि धोका किती जवळ आला म्हणजे तोंड उघडावं, हे कायद्यात स्पष्ट नव्हतं.

मार्च २०१६ च्या त्या अहवालात फक्त तपासण्या कडक करा असं म्हटलेलं नाही. डॉक्टरांनी गुपित कधी मोडायचं याचे स्पष्ट नियम करा, असं त्यात आहे. शिवाय लायसन्स गेल्यावर वैमानिकाचं पोट कसं चालेल ते बघा, आणि सहकाऱ्याशी बोलता येईल अशी व्यवस्था उभी करा, हेही आहे. शिकायला कर्ज काढलेला माणूस लायसन्स जाईल या भीतीने काय काय लपवतो, हे त्यांना दिसलं होतं. युरोपात फेब्रुवारी २०२१ पासून नोकरीवर घेताना मानसिक चाचणी सक्तीची झाली, आणि त्याच नियमांत सहकारी-आधाराची योजनाही सक्तीची आहे. तुझ्या मसुद्यात पहिला भाग आलाय, दुसरा नाही.

आता तुझ्या नऊ प्रश्नांकडे. तो फॉर्म वाईट नाही. पण तो बनला दवाखान्यातल्या रुग्णांसाठी, जे मदत मागायलाच आलेले असतात. मूळ अभ्यासात दहा गुणांच्या रेषेवर तो शंभर आजाऱ्यांतले ८८ ओळखत होता आणि शंभर निरोग्यांतल्या ८८ जणांना बरोबर निरोगी म्हणत होता. ऐकायला छान. तू शाळेत गणितात माझ्या पुढे होतास, म्हणून बेरीज करून बघ. हजार ड्रायव्हर घे, त्यांतले शंभर खरोखर नैराश्यात आहेत असं धर, आणि सगळे खरं बोलतात असंही धर. ८८ सापडले, १२ सुटले. उरलेल्या नऊशे धडधाकटांतले १०८ चुकून अडकले. म्हणजे तू खाली उतरवलेल्या १९६ जणांत निम्म्याहून जास्त ठणठणीत. त्या सगळ्यांना नीट बघायला तुझ्याकडे किती मानसोपचारतज्ज्ञ आहेत? मसुद्यात "आवश्यकतेनुसार" लिहिलंयस. मी त्याचा अर्थ एकही नाही असा घेतलाय. आणि आजारी असणं म्हणजे धोकादायक असणं, हे तर कुठल्याच फॉर्ममध्ये नाही. नैराश्यात असलेली बहुतेक माणसं कुणालाही इजा न करता रोज कामाला जातात, थकून घरी येतात.

हार्वर्डच्या लोकांनी हेच नऊ प्रश्न वैमानिकांना विचारले होते, नाव न विचारता. २०१६ च्या अखेरीस ते छापून आलं. १,८४८ पैकी २३३ जण त्या रेषेच्या वर, म्हणजे साधारण आठातला एक, आणि ७५ जणांच्या मनात गेल्या दोन आठवड्यांत मरणाचे विचार येऊन गेलेले. हीच माणसं नाव घालून फॉर्म भरतात तेव्हा फिट असतात. नाव काढलं की खरं बाहेर येतं. यावरून तुझ्या कमिटीला काय समजायचं ते समजू दे.

तुमच्या बैठकीत कुणीतरी नक्की म्हणेल की खोटं पकडणाऱ्या चाचण्या असतात. असतात. अमेरिकेतली एमएमपीआय नावाची जुनी चाचणी आहे, १९४३ पासूनची. नंतरच्या आवृत्तीत ५६७ प्रश्न. त्यात स्वतःला संत दाखवणाऱ्याला पकडायचीही सोय आहे. नोकरीवर घेताना एकदा ती घ्या, माझी हरकत नाही. पण दरवर्षी ५६७ प्रश्न सोडवायला लावलेत तर निरोगी माणूसही तिथेच आजारी पडेल.

मग काय करायचं, असं तू विचारशील. दारूचं घे. वैमानिक पितो हे सोबत्यांना माहीत असायचं आणि ते झाकायचे, कारण सांगितलं तर त्याची नोकरी जाणार. १९७० च्या दशकात अमेरिकेत 'हिम्स' नावाची योजना आली. स्वतः पुढे ये, किंवा सोबत्याने आण, उपचार घे, देखरेखीखाली राहा आणि पुन्हा उड. हजारो परत उडाले. नैराश्याच्या औषधांचंही तसंच. २०१० पर्यंत तिथे ती घेणाऱ्याला उडायला मनाई होती, म्हणजे माणूस औषधाविना उडायचा किंवा लपवून घ्यायचा, आणि यातलं काय जास्त वाईट ते तूच ठरव. त्या वर्षी चार औषधांना अटींवर परवानगी मिळाली.

माझं मागणं फार नाही. गाडीखाली माणूस आला की ड्रायव्हरला न विचारता, न तपासता, ठरावीक दिवस पगारी सुट्टी. सगळ्यांना सारखी. मागावी लागली तर कुणी मागणार नाही, मीही मागितली नसती. खाली उतरवलेल्याचा भत्ता चालू ठेवा आणि परत वर यायचा रस्ता तारखेसकट कागदावर द्या. कामाला योग्य-अयोग्य ठरवणारा डॉक्टर वेगळा आणि इलाज करणारा वेगळा. इलाज करणाऱ्याने तोंड कधी उघडायचं ते आधीच लिहून ठेवा, आणि ड्रायव्हरलाही आधीच सांगा. तिथे माझी माया नाही. जीव जाण्याची वेळ आली तर गुपित मोडलंच पाहिजे. आणि रनिंग रूममध्ये, म्हणजे ड्रायव्हरांच्या विश्रांतीच्या खोलीत, आपल्यातलाच एखादा, दोन दिवस नीट शिकवून तयार केलेला, ज्याला रात्री तीनला उठवता येईल. मला त्या दिवसांत असा एक माणूस मिळाला असता तर मी सिग्नलचं बोललो असतो. फॉर्मला सांगण्यासारखं ते नव्हतंच.

तुझ्या बाजूनेही बोलतो. मागे झोपलेल्या बाराशे जणांपैकी कुणी विचारलं असतं की या माणसाला आज गाडी द्यावी का, तर उत्तर नाही असंच होतं. ते मला माहीत होतं. घरी तिलाही माहीत होतं, ती रोज डबा देताना दोन सेकंद जास्त बघायची. तरी मी गेलो. यासाठी मला शिक्षा व्हायला हवी होती असं तुझ्या मनात येईल, माझ्याही येतं. पण शिक्षेच्या भीतीनेच तर मी गेलो ना.

माझा झोपेचा प्रश्न पुढे आपोआप थोडा सुटला, थोडा राहिला. त्या सरळ माणसाची निवृत्तीही स्टोअरमधूनच झाली. समारंभाला आम्ही सगळे गेलो होतो. त्याच्याकडे बघून कुणालाच धड हसता आलं नाही.

वहिनींना नमस्कार सांग. मसुद्याच्या शेवटी नमुन्याचा कोरा फॉर्म जोडला होतास, तो भरून परत पाठवतोय. पहिल्या रकान्यात चार टिकमार्क आहेत, बाकीचे पाच पुढे. बेरीज तूच कर. आता माझं काही जात नाही.

तुझाच,
जुना जोडीदार