मानकुरादाची चुकीची छाटणी आणि परसात सोडून दिलेले माडाचे ओंडके : वृक्षनिगा कंपनीला तक्रार पत्र

प्रति,
माननीय व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग, पणजी शाखा.

विषय : डिचोली तालुक्यातील आमच्या घराच्या आवारात केलेल्या झाडांच्या छाटणीच्या व तोडणीच्या सदोष कामाबाबत तक्रार आणि भरपाईची मागणी.

महोदय,

आपल्या कंपनीच्या पथकाने मे महिन्याच्या अखेरीस आमच्या परसात जे काम केले, त्याबद्दल मी फोनवर आणि व्हॉट्सॲपवर छायाचित्रांसह तक्रार केली होती. त्यावर आपल्या कार्यालयाकडून एवढेच उत्तर आले, की ‘काळजी करू नका, फुटवे येतील, पावसात झाड आपोआप भरून निघेल.’ हे पत्र लिहिण्याची वेळ त्या उत्तरानेच आणली आहे. फुटवे आले आहेत, भरपूर आले आहेत, आणि माझी मुख्य तक्रार त्या फुटव्यांबद्दलच आहे.

आम्ही आपल्याला दोन कामे सांगितली होती. घराच्या मागच्या बाजूला माझ्या आजोबांनी लावलेले मानकुराद जातीच्या आंब्याचे झाड आहे. त्याच्या दोन फांद्या कौलांवर आल्या होत्या. मे २०२१ मधल्या तौक्ते वादळात याच झाडाची एक फांदी मोडून गोठ्याचे छप्पर बसले होते, तेव्हापासून पावसाळा तोंडावर आला की घरातल्या वडीलधाऱ्यांच्या जिवाला घोर लागतो. तेव्हा त्या दोन फांद्या पद्धतशीर कमी करून झाडाचा भार हलका करायचा, हे पहिले काम. दुसरे काम सोंड्या भुंग्याने, म्हणजे माड आतून पोखरणाऱ्या किडीने, मेलेल्या माडाचे. त्याचा शेंडा गळून पडला होता आणि नुसता सोट उभा होता, तोही विजेच्या तारेच्या बाजूला कललेला. तो सुरक्षितपणे उतरवून आवारातून न्यायचा होता. कोयता-करवत घेऊन झाड उतरवणारी माणसे आमच्या गावातही मिळतात आणि ती निम्म्या पैशात येतात. तरीही आम्ही आपल्याकडे आलो, कारण आपल्या माहितीपत्रकात ‘प्रशिक्षित वृक्षतज्ज्ञांच्या देखरेखीखाली शास्त्रशुद्ध छाटणी’ असे शब्द होते आणि त्या शब्दांचे जादा पैसे मोजायची आमची तयारी होती.

मार्चमध्ये आपले तज्ज्ञ पाहणीसाठी आले. त्यांच्याविषयी माझी काहीही तक्रार नाही, उलट त्यांनी झाडाभोवती फिरून, खोडावर ठोकून पाहून, कुठली फांदी कुठे कापायची तिथे चुन्याच्या खुणा केल्या. त्यानंतर आपण दिलेल्या अंदाजपत्रकात स्पष्ट लिहिले आहे, की हिरव्या पालवीचा पाव भागाहून अधिक हिस्सा काढला जाणार नाही, जिवंत झाडावर चढताना खिळ्यांचे बूट वापरले जाणार नाहीत आणि मोठ्या कापांना बोर्डो पेस्ट (मोरचूद व चुन्याचा बुरशीनाशक लेप) लावली जाईल. एकूण रक्कम ४२,००० रुपये होती, त्यातले ५,००० रुपये ‘परवानगी व कागदपत्रे’ या सदराखाली होते. एप्रिलमध्ये काम होणार असे ठरले होते. पथक आले ते मेच्या शेवटी, वळवाच्या सरी सुरू झाल्यावर.

त्या पथकात पाहणी केलेले तज्ज्ञ नव्हते, देखरेख करणारे दुसरे कोणीही नव्हते आणि पाहणीचा अहवालही कोणाच्या हातात नव्हता. मी त्या वेळी कामावर होतो, घरी माझे काका होते. पथकातल्या मुख्य माणसाने ‘वरचे सगळे उतरवायचे ना?’ असे विचारले, तेव्हा काकांनी त्याला चुन्याच्या खुणा दाखवल्या आणि फक्त तेवढेच कापायचे आहे असे बजावून सांगितले. त्यावर त्याने आपल्या कार्यालयाला फोन लावला आणि फोन ठेवल्यावर ‘ऑफिस सांगते सगळे एका उंचीला आणा’ असे म्हणून यंत्र सुरू केले. ज्या कार्यालयातल्या माणसाने झाड पाहिलेले नाही, त्याने पणजीत बसून ते कुठे कापायचे ते सांगावे, याला आमच्याकडे उंटावरून शेळ्या हाकणे म्हणतात. मुख्य फांद्यांपैकी खुणा नसलेल्या सगळ्या फांद्या मध्यावर आडव्या कापल्या गेल्या. ज्या दोन फांद्यांसाठी आम्ही आपल्याला बोलावले, त्यातली एक मात्र कौलांवर तशीच आहे.

झाडाची आजची स्थिती आपण येऊन पाहावी, पण तोवर एक जागा मी इथे वर्णन करून सांगतो. उत्तरेकडची जाड फांदी कापताना खालून आधी अर्धवट काप घेतलेला नाही. त्यामुळे करवत पलीकडे पोचण्याआधीच फांदी स्वतःच्या वजनाने मोडली आणि तिच्याबरोबर सालीचा पट्टा सोलत खोडापर्यंत खाली आला. या पट्ट्याची लांबी माझ्या हाताहून जास्त आहे. त्यावर बोर्डो पेस्ट नाही, डांबर फासलेले आहे. जुलैच्या पावसात ते डांबर तडकले, त्याच्या मागे पाणी साचले, आणि आता सालीच्या कडेला भोके दिसतात, ज्यांतून लाकडाचा ओला भुसा बाहेर येऊन खोडावर ओघळला आहे. आंब्याच्या बागायतदाराला हा भुसा कशाचा ते सांगावे लागत नाही. हे भिरुडाचे, म्हणजे खोड पोखरणाऱ्या किड्याचे काम आहे. खोडाच्या दोन्ही बाजूंना जमिनीपासून वरपर्यंत बुटांच्या खिळ्यांची भोके आहेत, तीही छायाचित्रांत स्पष्ट दिसतात. मेलेल्या माडावर खिळे वापरले असते तर आमचे काही म्हणणे नव्हते.

आता फुटव्यांबद्दल. फांदी जिथे खोडाला किंवा मोठ्या फांदीला मिळते तिथे तिच्या बुडाशी फुगीर गळा असतो. काप त्या गळ्याच्या किंचित बाहेर, गळ्याला धक्का न लावता घेतला, तर झाड हळूहळू कडेने साल ओढून जखम बुजवते. झाड कुजलेला भाग बरा करत नाही, त्याच्याभोवती भिंत घालून तो वेगळा पाडते, ही गोष्ट अमेरिकेच्या वनसेवेतील शास्त्रज्ञ ॲलेक्स शिगो यांनी दाखवून दिली आणि आज छाटणीचे प्रशिक्षण याच पायावर दिले जाते. फांदी मधेच आडवी कापली की त्या खुंटाजवळ ना गळा असतो, ना जखम बुजवण्याइतकी ताकद. खुंट वरून कुजत आत जातो, आणि त्याच वेळी पाने गमावलेले झाड साठवलेले अन्न खर्चून सालीखालच्या सुप्त डोळ्यांतून फुटव्यांचा झुबका बाहेर काढते. हे फुटवे मूळ फांदीसारखे लाकडाच्या गाभ्यापासून बांधलेले नसतात, वरच्या थराला चिकटलेले असतात. चार-पाच वर्षांत ते मनगटाएवढे जाड होतील, खालचा खुंट तोपर्यंत पोकळ झालेला असेल, आणि पुढच्या एखाद्या वादळात ते आमच्याच कौलांवर येतील. ज्या भीतीपोटी आम्ही पैसे मोजले, तीच भीती आपण आम्हाला वाढवून परत दिली आहे, आणि वर तिलाच झाड सावरल्याचा पुरावा म्हणता.

आपल्या प्रतिनिधीने नंतरच्या संभाषणात ही ‘पुनरुज्जीवन छाटणी’ होती असाही दावा केला. जुन्या, फळे न देणाऱ्या आंब्यांचे पुनरुज्जीवन करतात हे मला ठाऊक आहे आणि कोकणातल्या बागांत ते यशस्वीही होते. पण ते बागायतदाराच्या संमतीने, योग्य हंगामात करतात, कापांवर लगेच बुरशीनाशक लेप देतात, खोडकिड्यासाठी औषध देतात, उन्हात उघड्या पडलेल्या सालीची काळजी घेतात आणि नंतर येणाऱ्या फुटव्यांतले मोजकेच राखून बाकीचे काढत राहतात. यातले एकही काम आपण केलेले नाही. शिवाय आमचे झाड फळे देत होते. आंब्याचा मोहर पक्व झालेल्या डहाळीच्या टोकाला येतो, त्यामुळे पुढची दोन-तीन वर्षे या झाडाकडून काही मिळण्याची आशा नाही. गोव्याच्या मानकुरादाला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ते मिळण्याआधीही हंगामाच्या सुरुवातीला त्याच्या डझनाचा भाव काय असतो, ते आपल्या पणजी शाखेजवळच्या बाजारात कोणीही सांगेल.

माडाच्या बाबतीतही काम अर्धवट सोडले आहे. सोट तुकडे करून उतरवला, इतपत ठीक झाले. मात्र ओंडके ‘दोन दिवसांत गाडी पाठवतो’ असे सांगून परसातच ठेवले, ते आज श्रावणातही तिथेच आहेत आणि आतून भुसभुशीत झाले आहेत. कुजणाऱ्या माडाच्या लाकडात गेंड्या भुंगा अंडी घालतो आणि त्याच्या अळ्या तिथेच पोसतात, मग हे भुंगे उभ्या माडांचे कोवळे शेंडे पोखरतात आणि त्या जखमांतून सोंड्या भुंग्याला वाट मिळते. ज्या किडीने हा माड गेला, तिलाच आमच्या उरलेल्या माडांचा रस्ता आपण मोकळा करून दिला आहे. आमचा पाडेली गेल्या वेळी नारळ पाडायला आला, तेव्हा वर चढण्याआधी त्याने बोट केले ते या ओंडक्यांकडे. झाडांची निगा राखण्याचा व्यवसाय करणाऱ्या कंपनीच्या लक्षात जे आले नाही, ते त्याच्या एका नजरेत आले.

परवानगीचा प्रश्न याहून गंभीर आहे. मी परवानगीची प्रत मागितली तेव्हा ‘माडाला परवानगी लागतच नाही’ असे उत्तर मिळाले. माड कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून वगळला गेला होता तो २०१६ च्या दुरुस्तीने, आणि त्यावर राज्यात किती गदारोळ झाला हे गोव्यात राहणाऱ्या कोणाच्याही स्मरणात असेल. २०१७ मध्ये तो पुन्हा गोवा, दमण व दीव वृक्ष संरक्षण कायदा, १९८४ च्या कक्षेत आला. मेलेले झाड काढायचे असले तरी वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो, आणि तो अर्ज करण्याचेच ५,००० रुपये आपण आमच्याकडून घेतले आहेत. परवानगी लागत नव्हती तर पैसे कशाचे घेतले, आणि लागत होती तर कागद कुठे आहे, या दोनपैकी एका प्रश्नाचे उत्तर आपल्याला द्यावेच लागेल. वन खात्याकडून चौकशी झाली तर जमीनमालक म्हणून ती आधी माझ्या अंगावर शेकणार आहे, याची आपल्याला जाणीव असेल असे मी धरून चालतो.

काम चालू असताना एक फांदी दोराने न बांधता सोडल्यामुळे मागच्या बाजूची मंगळुरी कौले फुटली आणि दोन रिपा मोडल्या. पथकाने त्यावर ताडपत्री टाकली आणि ते निघून गेले. पाणी गळते ते देवखोलीत. चतुर्थीला आमच्या घरी सगळे कुटुंब जमते आणि माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची सजावट, त्याच खोलीत बांधतात, त्यामुळे ही दुरुस्ती मला आपली वाट न पाहता करून घ्यावी लागत आहे. तिचे बिल आपल्याकडे पाठवले जाईल.

माझ्या मागण्या अशा आहेत. मार्चमध्ये पाहणी केलेल्या तज्ज्ञांनी किंवा त्यांच्याइतकी पात्रता असलेल्या व्यक्तीने स्वतः येऊन झाडाची तपासणी करावी, झाड सुरक्षित आहे की नाही याचा सहीचा लेखी अहवाल द्यावा आणि त्यात आपली पात्रता नमूद करावी. या अहवालावर समाधान न झाल्यास जुने गोवे येथील केंद्रीय किनारपट्टी कृषी संशोधन संस्थेतल्या फळझाडांच्या जाणकारांचा सल्ला घेण्याची मोकळीक मी राखून ठेवतो. भिरुडाचा बंदोबस्त ताबडतोब व्हावा, त्यासाठी अहवालाची वाट पाहू नये. झाड राखण्यासारखे असेल, तर खुंट दुरुस्त करणे आणि फुटव्यांची विरळणी ही कामे पुढची काही वर्षे हंगामानुसार आपल्या खर्चाने, लेखी वेळापत्रकाप्रमाणे करून द्यावीत. राखण्यासारखे नसेल तर ते रीतसर परवानगीने काढण्याचा आणि त्याच्या जागी मानकुरादाची कलमे लावून देण्याचा खर्च आपण करावा. ओंडके चतुर्थीपूर्वी उचलावेत. छाटणीपोटी घेतलेली रक्कम आणि कौलांचा खर्च परत करावा. परवानगीची प्रत द्यावी, आणि ती नसेल तर तसे लेखी कळवून ५,००० रुपये परत करावेत.

‘सद्भावना म्हणून पुढच्या कामावर सवलत’ हा आपला प्रस्ताव मला मान्य नाही. आपल्याकडून आणखी काम करून घेण्याचा माझा इरादा नाही. झालेले काम निस्तरून मिळावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये सेवेतील त्रुटीबद्दल उत्तर गोवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन. तक्रारीसाठी कायद्याने दोन वर्षांची मुदत दिली आहे, त्यामुळे वेळ काढल्याने हे प्रकरण थंड होईल असे आपण मानू नये. अंदाजपत्रक, पैसे भरल्याच्या पावत्या, चुन्याच्या खुणा दिसणारी मार्चमधली छायाचित्रे आणि त्याच जागांची आताची छायाचित्रे सोबत जोडली आहेत. तपासणीसाठी येताना आदल्या दिवशी कळवावे, म्हणजे मी स्वतः घरी थांबेन.

आपला,
(सही)
घरमालक व ग्राहक
तालुका डिचोली, उत्तर गोवा