जिभाऊ, तुमच्या वर्कशॉपात झालेल्या माझ्या एम. डेस.बद्दल

जिभाऊ,

सप्रेम नमस्कार.

समोरासमोर आभार मानायला गेलं की तुम्ही "चहा घे आधी" म्हणून विषय बदलता, म्हणून हे जाहीर पत्र. तुमची नात मोबाइलवर वाचून दाखवील, तेव्हा मध्येच उठून भट्टीकडे जाऊ नका. यातलं थोडं चोपडा-अमळनेरकडच्या त्या पोरापोरींसाठीही आहे, ज्यांना हे शिक्षण घ्यायचंय पण विचारावं कोणाला ते कळत नाही.

मी पहिल्यांदा वर्कशॉपात आले तेव्हा तुम्ही ट्रॉलीचा जू-दांडा सरळ करत होता. मान वर न करता अहिराणीत विचारलंत, "ॲग्री झाली ना तुनी? मंग आते हाई डिझाइन काय शे? कपडासनं का?" नातेवाइकांचाही तोच प्रश्न होता. कोणाला फॅशन वाटलं, कोणाला लग्नपत्रिका. एका मामाने तर थेट साड्यांच्या दुकानाचा सल्ला दिला. त्या दिवशी भट्टीच्या आवाजात उत्तर देता आलं नाही, ते आता देते.

डिझाइनच्या या पदव्युत्तर शिक्षणाला, म्हणजे एम. डेस.ला, तुम्ही आधी काय शिकलात याचं बंधन फारसं नसतं. आयआयटी मुंबई दर जानेवारीत 'सीड' (CEED) नावाची प्रवेश परीक्षा घेते. किमान तीन वर्षांची कुठल्याही शाखेची पदवी चालते, वयाची अट नाही. पहिला भाग संगणकावर, दुसरा कागद-पेन्सिलीवर. त्यात चित्र काढायचं, अडचण ओळखायची आणि आपलं म्हणणं मांडायचं. मग प्रत्येक संस्था आपापली चाचणी आणि मुलाखत घेते. त्यामुळे वर्गात कोण कुठून येईल याचा नेम नसतो. आमच्या गटात एक फिजिओथेरपिस्ट, एक आर्किटेक्ट, एक संगणक अभियंता, एक कापडाच्या विणकामातला पदवीधर आणि केळीच्या बागेतून उठून आलेली मी. पहिलं सत्रभर आम्ही एकमेकांशी भांडलो. अभियंत्याला आकडा हवा असायचा, आर्किटेक्टला नकाशा, आणि फिजिओथेरपिस्ट म्हणायची, आधी माणसाची मान बघा.

हे खूळ नवं नाही. १९५८ साली भारत सरकारच्या बोलावण्यावरून चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन डिझायनर जोडपं देशभर फिरलं आणि त्यांनी एक अहवाल लिहिला. त्यावरूनच पुढे १९६१ मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. मुंबईच्या आयआयटीत इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर १९६९ मध्ये आलं. लंडनमध्ये इम्पिरियल कॉलेज आणि रॉयल कॉलेज ऑफ आर्ट या दोन संस्थांनी १९८० मध्ये एकत्र अभ्यासक्रम काढला. अभियांत्रिकीवाले आणि कलावाले एकाच बाकावर, आणि शेवटी दोन्ही संस्थांची पदवी.

ईम्सच्या अहवालात सगळ्यात जास्त कौतुक कशाचं असेल? आपल्या लोट्याचं. तो किती पाणी धरतो, डोक्यावर न्यायचा की कमरेवर, हाताचा पंजा केवढा, ओतताना धार कशी पडते, किंमत काय, हे सगळे प्रश्न त्यांनी एका भांड्याला लावले. शिवाय हेही विचारलं की मोडीत काढला तर त्याचे किती येतील. हे मी वर्गात वाचलं आणि हसू आवरेना. कारण केळीचे घड वाहायची आमची पहिली चौकट बघून तुमचा दुसराच प्रश्न होता, "भंगारमां कितला जाई?"

आता त्या चौकटीबद्दल, कारण हे पत्र वाचणाऱ्या बाहेरच्यांना ती माहीत नाही. केळीच्या कटाईला एक जण कोयत्याने खोडाला चीर देतो, झाड हळूहळू झुकतं, घड खाली येतो आणि दुसरा माणूस तो खांद्यावरच्या गोणपाटावर घेतो. मग दांडा तोडतात आणि तो गडी वीस-पंचवीस किलोचा घड घेऊन बांधापर्यंत चालतो. पुन्हा येतो, पुन्हा घेतो. मान एका अंगाला, चीक अंगावर. हा चीक कपड्यावर पडला की काळा डाग, जन्माचा. कटाईच्या टोळीतला माणूस बसस्टँडवरही ओळखू येतो तो त्या सदऱ्यामुळे. इक्वेडोर, कोस्टा रिकाच्या मोठ्या मळ्यांत तारेवर घड टांगून पॅकहाउसपर्यंत ओढत नेतात. आपल्याकडे दोन-चार एकरांचे तुकडे, बाजूला दुसऱ्याची बाग, आणि खोडवा (कापलेल्या झाडाच्या बुंध्यातून फुटलेलं दुसरं पीक) संपला की जमिनीत दुसरं पीक. तार कुठे रोवणार? हातगाडी म्हणाल तर दोन ओळींमध्ये ठिबकच्या नळ्या, ओली काळी माती आणि घोटाभर वाळली पानं.

म्हणून आम्ही पाठीवर अडकवायची चौकट करायला घेतली. घड पाठीमागे उभा लटकेल, वजन खांद्यावरून कमरेच्या पट्ट्यावर उतरेल आणि दोन्ही हात मोकळे राहतील. मुंबईच्या लॅबमध्ये ती सुरेख दिसत होती. ॲल्युमिनियमची नळी, ॲलन कीचे बोल्ट.

तुम्ही ती उलटीपालटी करून पाहिलीत, खांद्यावर घेतलीत, वर्कशॉपात एक फेरी मारलीत. "गावमां ॲलन की कोनाकडे शे?" ॲल्युमिनियमचं वेल्डिंग साध्या मशीनवर होत नाही, बागेत चौकट तुटली तर ती दुरुस्त करायला गडी जळगावला जाणार का? तिथून पुढे आमच्या प्रकल्पाचा नियमच ठरला: जे चोपड्याच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतं तेच वापरायचं, आणि सगळी चौकट बारा-तेराच्या पान्याने खुलली पाहिजे, कारण तो प्रत्येक ट्रॅक्टरच्या डब्यात असतो. नळी आली ती खुर्च्यांना वापरतात ती पातळ लोखंडी. वजन थोडं वाढलं. अभियंत्याचं तोंड दोन दिवस वाकडं होतं. मग त्यानेच जोड कमी करून बरंचसं वजन परत काढलं.

पण मला खरं लिहायचंय ते हुकबद्दल. घड टांगायचा तो हुक आम्ही बाजारातून आणला होता. त्याची कड केळीच्या सालीला लागायची, आणि सालीवर ओरखडा पडला की तासाभरात काळी रेघ, व्यापारी फणी बाजूला टाकतो. तुम्ही काही न बोलता कोपऱ्यातून ट्रॉलीचा मोडका पाटा काढलात. भट्टीत लाल केलात, ऐरणीवर तीन-चार घावांत त्याला बाक दिलात, मग कानस घेऊन बसलात. मी बाजूला उभी. एक कड घासायची, अंगठा फिरवायचा, परत घासायचं. फिजिओथेरपिस्टला बोलावून तिचा अंगठाही फिरवायला लावलात. मग बाहेर पडलेला ठिबकच्या सोळा एमएम नळीचा तुकडा आणून उभा चिरलात आणि हुकवर चढवलात. पैसा शून्य, आणि झिजली तर शेतकऱ्याच्या बांधावर दुसरी नळी पडलेलीच असते. शेवटच्या सादरीकरणात बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सगळ्यात जास्त वेळ त्या हुकवर घालवला. हा कोणाचा विचार, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी तुमचं नाव आणि वर्कशॉपचा रस्ता दोन्ही सांगितले. अहवालातही गटाच्या नावांमध्ये तुमचं नाव आहे, आभाराच्या पानावर नाही. ते तुम्हाला आवडणार नाही, पण छापून झालंय.

दुसरी गोष्ट तुम्ही विसरलाही असाल. मुकादम पोरीला कटाईच्या टोळीत घ्यायला तयार नव्हता. बागेत साप असतात, पोरं शिव्या देतात, घरचे काय म्हणतील, अशी शंभर कारणं. तुम्ही एक फोन केलात. काय बोललात ते अजून कळलं नाही, पण दुसऱ्या दिवशी पहाटे ट्रॅक्टर आमच्या दारात. त्या टोळीबरोबर मृगबागेची (जून-जुलैत लावलेल्या बागेची) कटाई पाहिली नसती तर मी अजून लॅबमधल्या पुतळ्याच्या खांद्यावर पट्टे लावत बसले असते. गडी वजनाबद्दल फारसे बोलत नव्हते, हे मला तिथेच कळलं. त्यांची तक्रार होती चिकाची आणि पाणी प्यायला थांबता येत नाही याची. मग विणकामवाल्या पोराने पाठीच्या बाजूला सहज धुता येणारा कापडाचा पडदा लावला, आणि पट्ट्याला बाटलीचा खिसा शिवला. खिसा सगळ्यांना चौकटीपेक्षा जास्त आवडला!

आणि फड. एका दुपारी चहाला तुम्ही तुमच्या साक्री तालुक्यातल्या गावाचं सांगत होता. पांझरा नदीवरचा बंधारा, त्यावरून निघालेला पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड, एका फडात एका हंगामाला एकच पीक, पाणी सोडायला गावाने नेमलेला पाटकरी. तुमच्या आजोबांचा तुकडा प्रत्येक फडात होता, म्हणून पाणी कमी पडलेल्या साली एखादा फड कोरडा राहिला तरी घर कोरडं राहत नव्हतं. मी वही काढली तर तुम्ही म्हणालात, यात लिहिण्यासारखं काय. जिभाऊ, शेकडो वर्षांची ही पद्धत. त्यात पाण्याचा उतार आहे, पिकाचं शास्त्र आहे, हिशेब आहे आणि भांडण मिटवायची सोयही आहे. तरुण अभियंता विश्वेश्वरय्या १८८० च्या दशकात सरकारी नोकरीत धुळ्याकडे आले तेव्हा याच पांझरेवर त्यांनी काम केलंय. शाखांच्या भिंती ओलांडून काम करायचं म्हणजे काय, हे आम्हाला दोन वर्षं परदेशी उदाहरणांतून शिकवत होते. मी सरांना फडाची आकृती काढून दाखवली. त्यांनी ती ठेवून घेतली आणि पुढच्या वर्षीच्या वर्गात पहिल्याच आठवड्याला लावली.

काकूंचे आभार वेगळे. कळण्याची भाकरी आणि भरीत खाऊन आमचा आर्किटेक्ट, मूळचा बेंगळुरूचा, दुपारी गाढ झोपला आणि त्या दिवशीची मापं राहिली, हे सोडलं तर त्यांच्याबद्दल तक्रार नाही. मिरचीचं प्रमाण आधी सांगायला हवं होतं, एवढंच.

तुम्ही मजुरी घेतली नाहीत याचा मात्र मला अजून राग आहे. महिनाभर वर्कशॉपाचा एक कोपरा आमच्या पसाऱ्याने भरला होता, पेरणीच्या तोंडावर गिऱ्हाईक ताटकळत होतं, वेल्डिंगच्या कांड्या तुमच्या, वीज तुमची. "शिकनारना पैसा नही लेतस" म्हणालात. संस्थेने आम्हाला प्रकल्पासाठी पैसे दिले होते, जिभाऊ. ते तसेच पडून राहिले आणि परत करताना मला तीन अर्ज भरावे लागले.

पुढचं काम सांगते. आमच्या मागच्या तुकडीतली दोन मुलं कांदेबागेच्या (सप्टेंबर-ऑक्टोबरात लावलेल्या केळीच्या) कटाईला तुमच्याकडे येतायत, एक सिरॅमिकची, एक संगणकाचा. अहिराणी दोघांनाही येत नाही. त्यांना पहिल्या दिवशी कानस द्या, लॅपटॉप नंतर उघडू द्या. आणि मुकादमाने आणखी चार चौकटी मागितल्यात. खांद्याचे पट्टे दोन बोटं रुंद हवेत म्हणतो. मापं मी सोमवारी पाठवते. या वेळी बिल करा, जीएसटीसकट, मुकादमाच्या नावावर. मी त्याला तसं सांगून ठेवलंय.

काकूंना नमस्कार, नातीला शाबासकी.

तुमची,
चोपड्याची पोरगी