‘दुखतंय’ म्हणायचीही चोरी!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या आरोग्य पुरवणीतला ‘विचार बदला, आजार हरवा’ हा लेख वाचला. लेखकाची तळमळ पोचली. सोबतच्या छायाचित्रातल्या कर्करुग्ण बाईंचे दाट केस पाहून कौतुकही वाटलं. केमोथेरपी त्यांनी बहुधा विचारांनीच परतवली असावी.

खचलेल्या माणसाला विचारांची दिशा बदलून आधार मिळतो, याबद्दल माझी तक्रार नाही. पण ‘बरे न होणारे कुठेतरी मनातून आधीच हरलेले असतात’ हे वाक्य आलं आणि मी पेपर बाजूला ठेवला. असली वाक्यं लिहायला काही लागत नाही. ती निस्तरतात रुग्णाच्या घरची माणसं.

माझ्या थोरल्या बहिणीचा स्तनाचा कर्करोग हाडांत उतरला होता. भेटायला येणारा प्रत्येक जण जाताना उपदेश ठेवून जायचा. ‘तू फायटर आहेस’, ‘निगेटिव्ह बोलायचं नाही हं’. एका बाईंनी तर तिच्या हातावर चापटी मारून सांगितलं, “दुखतंय दुखतंय म्हटलं की जास्तच दुखतं.” ताईने ते मनावर घेतलं. डॉक्टर दर वेळी विचारायचे, शून्य ते दहामध्ये दुखणं किती? ही हसून सांगायची, “दोन. फार तर तीन.” डॉक्टर त्या आकड्याप्रमाणे गोळी लिहून द्यायचे, ते तरी काय करणार! आणि रात्री ही पाठीशी उशी घेऊन पलंगाच्या कडेला बसलेली. दवाखान्यात मी मध्ये बोलायला गेले की डोळे वटारायची. शेवटी एका नर्सने इंजेक्शनची तयारी करता करता सहज विचारलं, “ताई, कुठल्या कुशीवर बरं वाटतं झोपायला?” त्याचं उत्तर काही ताईला देता येईना. मग खरा आकडा बाहेर आला, मॉर्फीन सुरू झालं आणि ती आडवी होऊन झोपली. त्याआधीची सगळी जागरणं कोणाच्या खात्यावर मांडायची, हे आपल्या लेखकमहोदयांनी सांगावं.

विचार बदलायचं काम तिने केलं, पण ते दुखणं आटोक्यात आल्यावर. समुपदेशक बाईंनी तिला वही करायला लावली होती. स्कॅनच्या आदल्या दिवशी तिने लिहिलं, ‘रिपोर्ट वाईट आला की संपलं सगळं.’ बाईंनी खाली दोनच प्रश्न लिहिले: यातलं आज नक्की काय माहीत आहे? आणि संपलं म्हणजे नेमकं काय संपलं? ताई बराच वेळ पेनाचं टोपण चावत बसली, मग लिहिलं, ‘औषध बदलतील. मागेही बदललं होतं.’ बस, एवढंच. ‘मी बरी होणारच’ असं कोणी घोकून घेतलं नाही. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी १९६० च्या दशकात नैराश्यासाठी मांडलेल्या उपचारातली ही रीत. भीती काही गेली नाही, पण स्कॅनच्या आदल्या दिवशी तिला दोन घास जाऊ लागले.

लेखात डेव्हिड स्पीगल या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या १९८९ च्या अभ्यासाचा दाखला आहे. गटात बसून बोलणाऱ्या स्तनकर्करोगाच्या रुग्ण सरासरी दीड वर्ष जास्त जगल्या, हे खरंच. पण त्या अभ्यासात होत्या ८६ जणी, आणि गटात त्या हसत बसत नव्हत्या, मरणाच्या भीतीबद्दल उघड बोलत होत्या. २००१ साली कॅनडात २३५ जणींचा अभ्यास झाला. त्यात आयुष्य वाढलं नाही; ज्यांना आधीपासून त्रास जास्त होता त्यांचं मन मात्र सावरलं, दुखणंही कमी जाणवलं. २००७ मध्ये खुद्द स्पीगल यांनाच नव्या अभ्यासात एकूण आयुष्य वाढल्याचं आढळलं नाही, आणि त्यांनी ते छापलंही. हे पुढचं लेखात का नाही? जागा नव्हती म्हणावं, तर छायाचित्र पाव पानभर आहे. १९९९ च्या ५७८ जणींच्या ब्रिटिश अभ्यासात ‘लढाऊ वृत्ती’चा जगण्या-वाचण्याशी काही संबंध दिसला नाही, हताशपणाचा आणि नैराश्याचा दिसला. मग नैराश्यावर उपचार करा की! रुग्णाला दटावता कशाला?

ताई आता नाही. ती मनातून हरली होती, हे मला पेपरातून कोणी सांगू नये.

जाता जाता आणखी एक. त्याच लेखाच्या खाली ‘असाध्य रोग मुळापासून बरे’ अशी चौकट छापली आहे. ती जाहिरात आहे की लेखाचाच पुढचा भाग, हे मला दोनदा वाचूनही कळलं नाही. तळाशी बारीक अक्षरात ‘जाहिरात’ असं लिहिलंय, ते नातवाने दाखवलं.

पत्र लांबलं आहे. कापायचंच तर अभ्यासांचे आकडे कापा, नर्सचा प्रसंग तेवढा राहू द्या. मागच्या वेळी माझ्या पत्रातला नेमका मुद्दाच गेला होता आणि ‘स. न. वि. वि.’ छापून आलं होतं.

आपली,
एक नियमित वाचक