सुचलेला पदार्थ आणि बनलेला पदार्थ

महोदय,

संगणकाने लाखो नवे पदार्थ शोधून काढले, अशा आशयाच्या बातम्या अलीकडे वरचेवर वाचनात येतात. या कामाचे मोल मला कमी लेखायचे नाही. परंतु संगणकाने सुचवलेला पदार्थ आणि प्रयोगशाळेत प्रत्यक्ष बनवून तपासलेला पदार्थ यांत अशा बातम्या फरकच करत नाहीत, म्हणून हे पत्र.

नोव्हेंबर २०२३ मध्ये गूगल डीपमाइंडच्या ‘नोम’ या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रणालीने २२ लाख नव्या स्फटिकरचना सुचवल्या. त्यांपैकी सुमारे ३ लाख ८० हजार स्थिर असाव्यात, असे गणित सांगत होते. यांपैकी इतर संशोधकांनी स्वतंत्रपणे बनवलेल्या रचना त्या वेळी ७३६ होत्या. मथळ्यात पहिला आकडा झळकतो, शेवटचा बहुधा बातमीतही नसतो.

त्याच सुमारास अमेरिकेतील बर्कली येथील ‘ए-लॅब’ या स्वयंचलित प्रयोगशाळेने १७ दिवसांत ५८ पैकी ४१ ठरवलेले पदार्थ बनवल्याचे जाहीर केले. त्यावर रॉबर्ट पालग्रेव्ह, लेस्ली शूप आदी रसायनतज्ज्ञांनी घेतलेला आक्षेप मुळातून समजून घेण्याजोगा आहे. गणितात स्फटिकातील प्रत्येक अणूची जागा ठरलेली धरली जाते. प्रत्यक्षात जवळपास सारख्या आकाराचे दोन धातू एकमेकांच्या जागी कसेही बसू शकतात आणि भट्टीच्या तापमानाला अनेकदा तसेच बसतात. त्यामुळे कागदावर शिस्तीत मांडलेली रचना नवी भासते. पण भट्टीतून निघतो तो अणूंची सरमिसळ झालेला, आधीपासून ठाऊक असलेला पदार्थ. पदार्थाची रचना ओळखण्यासाठी काढलेल्या क्ष-किरणांच्या आलेखात हा फरक काही क्षीण शिखरांपुरताच उरतो, आणि आलेखाचे वाचनही यंत्रावरच सोपवले की तो सहज निसटतो.

याउलट मायक्रोसॉफ्ट आणि अमेरिकेतील पॅसिफिक नॉर्थवेस्ट राष्ट्रीय प्रयोगशाळा यांनी जानेवारी २०२४ मध्ये जाहीर केलेले काम पाहावे. सुमारे ३ कोटी २० लाख शक्यतांतून त्यांनी १८ निवडल्या आणि त्यांतील एक घन इलेक्ट्रोलाइट (बॅटरीत विद्युतभार वाहून नेणारा पदार्थ) बनवून त्यावर चालणारी बॅटरीही करून दाखवली. तो बाजारात टिकेल की नाही, हा पुढचा प्रश्न. पण पदार्थ हाती आहे आणि त्याची वाहकता कोणालाही मोजता येते.

सुचणे आणि बनणे यांतील अंतर कमी करण्याचा एक मार्ग मात्र उपेक्षित आहे. शोधनिबंधांत यशस्वी प्रयोग छापले जातात, फसलेले वहीतच राहतात. मग काय बनत नाही, हे संगणकाने शिकावे कोठून? २०१६ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात अशा पडून राहिलेल्या नोंदींचाही उपयोग करून एका संगणक प्रणालीला शिकवले गेले. नव्या अभिक्रियांतून स्फटिक मिळवण्यात त्या प्रणालीला ८९ टक्के, तर माणसांच्या अंदाजाला ७८ टक्के यश आले. या शोधकामावर आज होणारा खर्च पाहता (आणि तो मुख्यतः संगणकांवरच होतो, अशी माझी शंका आहे) फसलेल्या प्रयोगांच्या नोंदी खुल्या करणे ही अनुदानाची अटच असायला हवी.

आपल्या वृत्तपत्राकडून अपेक्षा एवढीच, की अशा बातमीत किती पदार्थ सुचले, किती बनले आणि कितींची स्वतंत्र पडताळणी झाली, हे तिन्ही आकडे द्यावेत. तिसरा उपलब्ध नसेल, तर तसे स्पष्ट लिहावे.

आपला,
एक वाचक