खुंटाची जात कोण सांगणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

काल मधल्या पानावर आलेला लेख रात्री दोनदा वाचला. सकाळी बागेला पाणी सोडायचं होतं, ते मुलावर सोपवून हे पत्र लिहायला बसलो आहे. लेखकांचं उसाच्या दराबद्दलचं लिखाण मी नेहमी वाचतो, कात्रणंही ठेवतो. म्हणून राग जास्त आला. कृष्णविवरं, दुर्बिणी, बिनतारी लहरी आणि द्राक्षाची जनुकं ही चारही संशोधनं त्यांनी एका वाक्यात बसवली आणि पोट भरलेल्यांचे छंद म्हणून निकालात काढली. बाकी तीन गोष्टींचं पुढे लिहितो. पण द्राक्षाची जनुकं? अथणी तालुक्यात आपला अंक येतो, इथे बेदाणा वाळवायच्या रॅकवर घरं चालतात, हे लिहिण्याआधी आठवायला हवं होतं.

माझी हकीकत सांगतो, मग छंद कोणाचा ते ठरवा.

दोन एकर नवी बाग धरायची म्हणून एका रोपवाटिकेतून डॉगरीज जातीचे खुंट आणले, म्हणजे ज्यांच्या मुळावर द्राक्षाचं कलम करतात ती रोपं. जमीन काळी, बोअरचं पाणी मचूळ. अशा ठिकाणी स्वतःच्या मुळावरची थॉमसन (आमची द्राक्षाची जात) तग धरत नाही, खुंट लागतोच, हे आमच्याकडचं शेंबडं पोरही सांगेल. नऊ बाय पाच फुटांवर लागण केली, म्हणजे एकरी ९६८ झाडं. फेब्रुवारीत खुंट लावले, सप्टेंबरात कलमं भरली. कलमं जुळली, मर फारशी झाली नाही. दुसऱ्या ऑक्टोबर छाटणीला मात्र बाग वरखाली दिसू लागली. एका झाडाचं खोड मनगटाएवढं, त्याला लागून असलेल्याचं अंगठ्याएवढं. एकावर घड मावत नाहीत, दुसऱ्यावर नुसते गोळी घड, म्हणजे वाढ न झालेले. खत तेच, पाणी तेच, औषधाची टाकीही तीच.

जाणती मंडळी येऊन बघून गेली. कोणी म्हणालं ड्रिपर तुंबलेत, म्हणून सगळे ड्रिपर बदलले. कोणी मुळांतला सूत्रकृमी सांगितला, त्याचं औषध ओतलं. कोणी पालाश (पोटॅश) कमी पडतंय म्हणालं, तेही घातलं. दोन वर्षं या सल्ल्यांमागे गेली आणि त्यांच्यामागे पैसा गेला. शेवटी शेजारच्या मळ्यातले कन्नड भाषिक आजोबा, ज्यांनी आमच्या भागात पहिल्यांदा द्राक्षाचा मंडप टाकला, ते म्हणाले, "तम्मा, खालचा फुटवा मोडू नको. चार दिवस वाढू दे, पान बघ काय येतंय."

कलमाच्या खाली खुंटाला फुटवा आला की आपण तो लगेच काढतो. वर पानं थॉमसनची, त्यामुळे खाली काय आहे ते बागायतदाराला उभ्या जन्मात दिसत नाही. मी चाळीस झाडांचे फुटवे राखले. महिन्याभरात तीन तऱ्हांची पानं आली. एक जाड, चकचकीत. एक पातळ, कडेचे दाते खोल. तिसऱ्याच्या पाठीवर लव. खुंटाचं रोप काडीपासून करतात. काडीपासून केलेलं रोप म्हणजे मूळ वेलीची हुबेहूब नक्कल. तिथे तीन तऱ्हांची पानं निघतात याचा अर्थ काड्या तीन ठिकाणच्या होत्या आणि मला विकताना नाव एकच सांगितलं होतं.

पानं घेऊन रोपवाटिकेत गेलो. ते म्हणाले, दोष तुमच्या जमिनीचा. रोपवाटिका हद्दीपलीकडची, महाराष्ट्रातली; बाग हद्दीअलीकडची, कर्नाटकातली. पलीकडच्या कार्यालयाने सांगितलं, तुम्ही आमच्या राज्याचे शेतकरी नाही. अलीकडच्याने सांगितलं, रोपवाटिका आमच्या राज्यातली नाही. एका साहेबांनी तेवढं बसवून घेतलं, चहा दिला आणि म्हणाले, पानावरून काही सिद्ध होत नाही, डीएनएचा अहवाल आणा. कुठून आणायचा, कोणाच्या सहीने नमुना पाठवायचा, हे त्यांनाही सांगता आलं नाही. पाचव्या वर्षी मी एक एकर उपटली. मंडपाचे अँगल तेवढे उभे राहिले, अजून आहेत.

आता ज्याला छंद म्हटलं ते काय असतं ते लिहितो. वेलीच्या डीएनएमध्ये काही जागा अशा असतात की दोन-तीन अक्षरांचा तोच तुकडा एकापुढे एक येत राहतो. किती वेळा येतो, ते जातीजातीत वेगळं असतं. अशा मोजक्या जागा तपासल्या की दोन वेली एकच आहेत की नाहीत ते कळतं. एक कोवळं पान पुरतं. याच रीतीने १९९७ साली कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या विद्यापीठात जॉन बॉवर्स आणि कॅरोल मेरेडिथ यांनी कॅबर्ने सॉव्हिन्यों या जगप्रसिद्ध द्राक्षाचे आईबाप शोधून काढले: कॅबर्ने फ्रांक आणि सॉव्हिन्यों ब्लां. शतकानुशतकं ती वेल लावणाऱ्यांनाही ते ठाऊक नव्हतं. माझा प्रश्न त्याहून फार सोपा होता. मला आईबाप नको होते. या चाळीस झाडांखालचा खुंट एकच आहे का, एवढंच विचारायचं होतं. ज्या वर्षी ते आईबाप सापडले, त्याच वर्षी पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र सुरू झालं. म्हणजे विद्या आहे, माणसं आहेत. मधला रस्ता नाही, आणि त्या रस्त्यावर आपल्या वर्तमानपत्राने लिहायला हवं होतं.

लेखात आणखी एक चूक आहे, ती आपण दुरुस्त करावी. द्राक्षाची जनुकं वाचणं म्हणजे द्राक्षात परके जनुक घुसवणं, असं लेखकांनी गृहीत धरलं आहे. २००७ साली फ्रान्स आणि इटलीच्या शास्त्रज्ञांनी द्राक्षाचा पूर्ण जनुकसंच वाचला, गुणसूत्रांच्या १९ जोड्या, सुमारे ३० हजार जनुकं. हे वाचन आहे. सातबारा वाचल्याने जमिनीत फेरफार होत नाही. आपली थॉमसन हिरवी का, याचं उत्तरसुद्धा २००४ साली जपानी शास्त्रज्ञांनी दिलं. द्राक्षाच्या सालीला रंग देणाऱ्या जनुकाशेजारी डीएनएचा एक उडता तुकडा येऊन अडकला आणि रंग बंद पडला. माणसाने हात लावलेला नाही, निसर्गातच घडलेलं आहे. असे उडते तुकडे असतात हे बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी मक्याच्या दाण्यांवरचे ठिपके बघून ओळखलं. त्यांना त्यासाठी १९८३ मध्ये नोबेल मिळालं, पण सुरुवातीला कित्येक वर्षं त्यांचं फारसं कोणी ऐकून घेतलं नव्हतं. मक्याचे ठिपके मोजणं हाही त्या वेळी छंदच वाटला असणार. आणि बागेत निराळी दिसणारी फांदी हेरून तिच्या काड्या राखायचं काम तर आपल्या शेतकऱ्यांनीच केलं आहे. तासगावकडची तास-ए-गणेश ही जात थॉमसनमधून अशीच निवडलेली.

आता उरलेल्या तीन गोष्टी. मी बेळगावात भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. केलं आणि वडील गेल्यावर मळ्यात आलो, त्यामुळे थोडं कळतं. १९७४ मध्ये स्टीफन हॉकिंग यांनी कागदावर गणित मांडलं की फार लहान कृष्णविवरं विरत जाऊन शेवटी फुटतील. ऑस्ट्रेलियातले रेडिओ खगोलशास्त्रज्ञ जॉन ओ'सुलिव्हन अशा स्फोटांच्या लहरी शोधत होते. ताऱ्यांमधल्या अवकाशातून येताना लहर पसरट होते, ती पुन्हा नीट कशी करायची यावर त्यांनी डोकं लावलं. स्फोट सापडला नाही. पुढे खोलीत भिंतींवर आपटून प्रतिध्वनीसारख्या मिसळणाऱ्या बिनतारी संदेशांचा प्रश्न आला, तेव्हा त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना हेच गणित कामी आलं. १९९६ साली त्याचं अमेरिकन पेटंट मिळालं आणि आज ज्याला वाय-फाय म्हणतात त्याच्या मुळाशी असलेल्या तंत्रांत ते आहे. लेखकांनी आपला लेख कार्यालयात वाय-फायवरूनच पाठवला असेल, तर त्या लेखालाही या छंदांचा हात लागलेला आहे. त्यांनी एका वाक्यात वेगवेगळे मोजलेले तीन छंद हे असे एकाच धाग्यात आहेत.

आणि दुर्बीण म्हणाल तर ती द्राक्षाच्या मुलखातच उभी आहे. आमच्या बागायतदारांचा गट नारायणगावला छाटणी बघायला गेला होता, तेव्हा हट्टाने सगळ्यांना खोडदला नेलं. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, गोविंद स्वरूप यांनी आपल्याच देशात, तारा आणि जाळी वापरून स्वस्तात उभ्या केलेल्या. आत जाताना मोबाईल बंद करायला लावले, कारण आकाशातून येणारी लहर इतकी क्षीण असते की खिशातला फोन तिला बुडवतो. आमच्यातल्या एकाने, ज्याचं शिक्षण चौथीपर्यंत, तिथल्या माणसाला अर्धा तास प्रश्न विचारले. तबकडी वाऱ्यात टिकते कशी, हे त्याला हवं होतं, कारण त्याचा मंडप त्या वर्षी वादळात झोपला होता. शेतकऱ्याला यात रस नसतो, असं परत छापू नका.

२० मे २०२५ रोजी जयंत नारळीकर गेले. कोल्हापुरात जन्मलेला हा माणूस गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धांतावर काम करत आयुष्यभर मराठीत लिहीत राहिला. त्या वेळी आपण त्यांना मोठ्या आदराने निरोप दिलात. तो आदर खरा होता असं मी मानतो, आणि म्हणून कालचा लेख आपल्या नजरेखालून गेला कसा, हे विचारतो.

पत्र लांबलं, पण एक राहिलं. हवामानाच्या चौकटीत कोल्हापूर, सांगली, पुणे असतं. कधी बेळगाव असतं. अथणी, कागवाड, चिकोडी कधीच नसतं. छाटणीनंतरच्या दिवसांत रात्री पान किती वेळ ओलं राहिलं यावर डाऊनी (केवडा) रोग येणार की नाही ते ठरतं, आणि आम्ही सांगलीचा आकडा बघून फवारणीचा अंदाज बांधतो. ही जागा चार ओळींची आहे, तेवढी द्यावी.

ती तीन तऱ्हांची पानं मी दाबून वहीत ठेवली आहेत, खाली झाडाचा आणि ओळीचा नंबर लिहून. उरलेल्या एकरात ती झाडं अजून उभी आहेत. आपला वार्ताहर आला तर फुटवे राखून ठेवतो, ताजं पान त्याला हातात घेऊन बघता येईल. ऑक्टोबर छाटणीच्या आधी यावं, नंतर मला वेळ होत नाही.

आपला,
एक द्राक्ष बागायतदार
अथणी तालुका, जि. बेळगाव
(नाव वेगळ्या कागदावर दिले आहे, कृपया छापू नये.)