पोलीस भरतीला ठरलेली तारीख द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पोलीस भरतीची बातमी आली की चर्चा होते ती जागांच्या आकड्याची. २०२२ च्या भरतीत १८,३३१ जागा, २०२४ मध्ये १७,४७१, ऑगस्ट २०२५ मध्ये मंजुरी मिळाली ती १५,६३१ जागांना. आकडा मोठा असला की सगळे समाधानी. पण आमच्यासारखे जे तालुक्याच्या गावी पहाटे मुला-मुलींकडून धावण्याचा सराव करून घेतात, त्यांना काळजी असते तारखेची. भरती कधी निघेल, ग्राउंड म्हणजे मैदानी चाचणी कोणत्या महिन्यात होईल, लेखी कधी, हे कोणालाच सांगता येत नाही. शासनाने पोलीस शिपाई भरती दर वर्षी, ठरलेल्या महिन्यांत घ्यावी, या एकाच मागणीसाठी हे पत्र.

आधी २०२४ चे पाहा. अर्ज मार्चमध्ये सुरू झाले. मध्ये लोकसभेची आचारसंहिता लागली आणि मैदानी चाचणी सुरू झाली १९ जूनला. निवडणूक कधी आहे हे वर्षभर आधी माहीत होते आणि मृग कधी लागतो हेही. १७ हजार जागांसाठी १७ लाखांहून अधिक अर्ज आलेले. पावसामुळे चाचणी पुढे ढकला, अशी उमेदवारांची मागणी होती. जिथे पाऊस असेल तिथे पुढची तारीख देऊ, असे उत्तर मिळाले. कागदावर हे ठीक दिसते. पण बीडहून रात्रभर एसटीने मुंबई-ठाण्याकडे गेलेल्या मुलाला सकाळी गेटवर 'चार दिवसांनी या' सांगितले, तर त्याने ते चार दिवस कुठे काढायचे? लॉज परवडत नाही. मग स्टँड, फलाट, पुलाखालचा फुटपाथ. अशा झोपेनंतर त्याने १६०० मीटर पाच मिनिटे दहा सेकंदांत पळायचे, तरच वीसपैकी वीस गुण.

मैदानी चाचणी ५० गुणांची असते: १६०० मीटरला २०, शंभर मीटरला १५ आणि गोळाफेकीला १५. मुलींना १६०० ऐवजी ८०० मीटर. शंभर मीटरला पूर्ण गुण हवे असतील तर मुलांना साडेअकरा सेकंदांत रेषा ओलांडावी लागते. चिखलात ती वेळ कोणी काढून दाखवावी. ओल्या हातातून सव्वासात किलोचा गोळा कसा निसटतो, हे कोणत्याही क्रीडाशिक्षकाला विचारा. शिवाय मैदानात निम्मे गुण मिळवल्यावरही लेखीला बोलावतात ते एका जागेमागे दहाच जणांना. तिथे एकेक गुण मोलाचा असतो. एकाच भरतीत एका मुलाचे ग्राउंड कोरड्या मैदानावर आणि दुसऱ्याचे चिखलात होणार असेल, तर त्या गुणांना समान कसे म्हणायचे?

आणि प्रश्न फक्त गुणांचा नाही. जून २०१४ मध्ये मुंबईच्या भरतीत उन्हाच्या तडाख्यात पाच किलोमीटर धावताना तरुण मुले कोसळली, जिवानिशी गेली. पुढे शिपाई पदासाठीचे अंतर कमी होत १६०० मीटरवर आले. राज्य राखीव दलासाठी पाच किलोमीटर अजून आहेच, आणि २०२४ च्या जूनमध्ये नवी मुंबईत त्याच चाचणीत एका उमेदवाराचा पुन्हा बळी गेला. दहा वर्षांच्या अंतराने महिना तोच. दमट हवेत शरीराचा घाम वाळत नाही, उष्णता आतच साठते, त्यात प्रवासाचे जागरण आणि अर्धे पोट. डिसेंबर-जानेवारीच्या गारव्यात हा धोका बराच कमी होतो. २०२३ मध्ये २ जानेवारीला ग्राउंड सुरू झाले होते, म्हणजे थंडीत घेणे शासनाला जमते.

मुळात शरीर तयार करण्याचा एक क्रम असतो. चार-सहा महिन्यांत मुलगा आपल्या उत्तम वेळेला येतो. ती वेळ तो काही आठवडे टिकवू शकतो, वर्षानुवर्षे नाही. 'जाहिरात पुढच्या महिन्यात' या आशेवर मुले डांबरी रस्त्यावर रोज जिवाच्या आकांताने पळत राहतात आणि नडगी धरून बसतात. २०१९ च्या जाहिरातीचे अर्ज भरलेल्यांची लेखी २०२१ मध्ये झाली. करोना होता, मान्य. पण त्याच जाहिरातीच्या वर्षी नियमही उलटा झाला होता, आधी लेखी आणि मग ग्राउंड. २०२२ मध्ये तो पुन्हा फिरवला. दोन्ही पद्धतींच्या बाजूने बोलता येईल. माझे म्हणणे एवढेच की एकदा काय ते ठरवा आणि किमान पाच वर्षे त्याला हात लावू नका.

या अनिश्चिततेचा सर्वांत मोठा फटका मुलींना बसतो आणि त्यावर सर्वांत कमी बोलले जाते. महिलांसाठी ३० टक्के आरक्षण आहे, खेड्यापाड्यांतून मुली हिरिरीने पुढे येत आहेत. पण आमच्याकडे बारावी झालेल्या मुलीला घरातून मुदत मिळते ती वर्षाची, फार तर दोन वर्षांची. 'भरती झाली तर ठीक, नाहीतर स्थळ बघू.' मुलाची भरती लांबली तर तो आणखी एक वर्ष काढतो. मुलीची लांबली तर तिचे लग्न होते. आठशे मीटर पावणेतीन मिनिटांच्या आसपास पळणाऱ्या, गणित-बुद्धिमत्तेत मुलांच्या पुढे असणाऱ्या मुली मी अशा गमावलेल्या पाहिल्या आहेत. त्यांच्या बापाशी बोलायला गेलो की ते विचारतात, 'सर, भरती नक्की कधी आहे?' पुढच्या डिसेंबरात ग्राउंड आहे, असे छापील वेळापत्रक त्या बापापुढे ठेवता आले असते, तर त्यातल्या काही जणी आज वर्दीत असत्या, याची मला खात्री आहे.

वयाचेही तसेच. खुल्या प्रवर्गाला २८, मागासवर्गीयांना ३३ ही मर्यादा. भरती लांबली की मुले वयात बसत नाहीत, मग आंदोलने होतात, मग शासन 'एक वेळची विशेष बाब' म्हणून सवलत देते. २०२५ मध्येही २०२२ आणि २०२३ साली वयोमर्यादा ओलांडलेल्यांना अशी संधी दिली गेली. ती दिली हे चांगलेच झाले. पण तिची गरज पडली, याचा अर्थ उशीर शासनाकडून झाला होता.

दर वर्षी भरती घेणे अवघड आहे, असे सांगितले जाईल: वित्त विभागाची मंजुरी, बिंदुनामावली (कोणती जागा कोणत्या प्रवर्गाची याची यादी), न्यायालयीन प्रकरणे. यातले एकही काम अचानक उपटत नाही. पोलीस ५८ व्या वर्षी निवृत्त होतो, त्याची जन्मतारीख सेवापुस्तकात असते. पुढच्या वर्षी कोणत्या जिल्ह्यात किती जागा रिकाम्या होणार, ते आजच काढता येते. त्याच पोलीस खात्यातल्या उपनिरीक्षकाची परीक्षा लोकसेवा आयोगाकडून होते आणि आयोग दर वर्षी अंदाजित वेळापत्रक जाहीर करतो. ते पुढेमागे होते, तरी पोरांच्या हातात एक कागद तर असतो. शिपायाच्या नशिबी तेवढाही नाही.

दर वर्षी पाच-सहा हजार जागा निघाल्या तर गर्दी विभागेल. आज एका पदासाठी एकाच घटकात (जिल्हा किंवा शहर पोलीस दलात) अर्ज करता येतो, प्रत्येक घटकाचे मेरिट वेगळे लागते. जिल्हा निवडायचा म्हणजे जुगार. तो चुकला तर पुढची संधी कधी, हे माहीत नसल्याने मुले खचतात, आणि या अगतिकतेवर डमी उमेदवार, कॉपीची यंत्रे, 'सेटिंग' करून देतो म्हणणारे दलाल पोसले जातात. पुढच्या वर्षी त्याच महिन्यात पुन्हा संधी आहे, हे ठाऊक असलेला मुलगा बापाची जमीन गहाण ठेवून दलालाकडे जाणार नाही.

हिवाळ्यातल्या ग्राउंडची एक अडचण मला दिसते, ती लपवत नाही. आमच्या भागातली ऊसतोड कुटुंबे दिवाळीच्या सुमारास कारखान्यावर जातात ती मार्च-एप्रिलला परततात. त्या काळात मुलांना घरचा आधार नसतो, काही तर स्वतःच फडात असतात. पण तारीख आधी कळली तर मुकादमाकडून उचल (आगाऊ पैसे) घेतानाच घरात ठरवता येते की या वर्षी पोरगी मागे राहणार. जूनमध्येही घर पेरणीत असते, तेव्हा सोयीचा महिना तसाही कोणताच नाही.

गृह विभागाने चालू भरतीची अंतिम निवड यादी लावतानाच पुढच्या भरतीच्या जाहिरातीचा, ग्राउंडचा आणि लेखीचा महिना जाहीर करावा. सोबत प्रत्येक चाचणी मैदानाजवळची एखादी शाळा किंवा मंगल कार्यालय बाहेरगावच्या उमेदवारांना रात्री मुक्कामासाठी उघडून द्यावे, मुलींसाठी वेगळे. ही सोय पोलीस मुख्यालयांना करता येण्याजोगी आहे.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक,
गेवराई, जि. बीड